पाकिटावरची बाई: कोकणातल्या जाहिरातींतली साचेबंद चित्रं कशी ओळखायची आणि कशी बदलायची

पनवेलहून सावंतवाडीकडे जाताना रस्त्यालगतच्या पाट्या, मसाल्याची पाकिटं आणि होमस्टेचे फलक नीट पाहिले तर बाईची चार-पाचच चित्रं आलटून पालटून भेटतात. कमरेवर हात ठेवून डोळा मारणारी, हिरव्या नऊवारीतली कोळीण. दारात हात जोडून, मान जराशी कलती ठेवून उभी असलेली यजमानीण. चुलीपुढे बसलेली आजी. रिसॉर्टच्या स्पाच्या फलकावर डोळे मिटून पडलेली, कानामागे चाफा खोवलेली, थायलंड किंवा बालीची वाटावी अशी मुलगी. आणि चायनीजच्या गाडीवर डोळ्यांच्या जागी दोन तिरप्या रेघा आणि अंबाड्यात काड्या असलेली बाहुली.

ही चित्रं लावणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं. पेंटरकडे तोच नमुना असतो, छापखान्याच्या कॉम्प्युटरवर तीच फाईल असते. पण ज्या बायका पहाटे बंदरावर हजारोंचा व्यवहार करतात, काजूच्या कारखान्यात उभ्या राहतात, होमस्टेचा सगळा हिशेब सांभाळतात, त्यांचं काम या चित्रांत कुठेच दिसत नाही. हे बदलता येतं आणि त्यासाठी मोठी एजन्सी लागत नाही. चित्राची ऑर्डर देणाऱ्यांसाठी, म्हणजे बचत गट, बागायतदार, होमस्टे आणि खानावळवाले, पाटी रंगवणारे आणि दुकानाचं इन्स्टाग्राम सांभाळणारी मुलं-मुली यांच्यासाठी पुढची माहिती आहे.

साचा आला कुठून

थोडा इतिहास माहीत असला की चित्र निवडताना हात आपोआप थांबतो. १८३४ साली अफाँग मोय नावाच्या एका चिनी तरुणीला दोन अमेरिकन व्यापाऱ्यांनी न्यूयॉर्कला नेलं आणि चिनी सामानाने सजवलेल्या दालनात बसवलं. लोक तिकीट काढून तिला, लहानपणापासून घट्ट बांधून लहान ठेवलेल्या तिच्या पावलांना पाहायला येत. व्यापाऱ्यांना विकायचं होतं ते भोवतीचं सामान. आशियाई बाईला मालाशेजारी मांडून माल खपवायची रीत इतकी जुनी आहे.

आपल्याकडे १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे आठ खंड काढले. त्यात माणूस जातीचा नमुना म्हणून उभा केलेला आहे. पुढे पोस्टकार्डं आली आणि मुंबईची कोळीण हा त्यांतला ठरलेला 'प्रकार' झाला. नाव नाही, गाव नाही, फक्त टोपली आणि पेहराव. १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, रंगीत छापील चित्रं घरोघर गेली आणि साबणाच्या, औषधांच्या कॅलेंडरांवर देवी व नायिका आल्या. १९२०-३०च्या दशकांत शांघायमध्येही तेच चाललं होतं. सिगारेटच्या कॅलेंडरांवर नटलेल्या तरुणी असत.

पाहुणचाराच्या धंद्यातला साचा त्यामानाने अलीकडचा. १९७२पासून सिंगापूरच्या विमान कंपनीने जाहिरातीच्या मध्यभागी विमानाऐवजी हवाई सुंदरी ठेवली. तिचा सारोंग-कबाया हा गणवेश बेतला होता पॅरिसच्या पिएर बालमॅं यांनी. नम्र, सडपातळ, सदा हसतमुख, सेवेला तत्पर अशी आशियाई बाई त्यानंतर हॉटेलांच्या, स्पाच्या जाहिरातींत सगळीकडे दिसू लागली. आपल्या होमस्टेच्या फलकावरची हात जोडलेली यजमानीण तिच्याच नात्यातली आहे.

आधी आहे ते तपासा

लेबल, पाटी, व्हिजिटिंग कार्ड, मेन्यूकार्ड, व्हॉट्सअॅप कॅटलॉग, गुगल मॅपवर तुम्ही स्वतः टाकलेले फोटो, इन्स्टाग्रामच्या शेवटच्या ३० पोस्ट हे सगळं एकत्र करा. शक्यतो साध्या कागदावर छापून टेबलावर पसरा. फोनवर एकेक बघत गेलात तर प्रत्येक चित्र ठीकच वाटतं. घोळ सगळी शेजारीशेजारी ठेवल्यावर कळतो.

प्रत्येक चित्रातली बाई काय करते आहे ते एका क्रियापदात लिहा. 'निवडते', 'मोजते', 'तोलते', 'सांगते' असं काही निघालं तर चित्र तगेल. 'हसते', 'बघते', 'उभी आहे' एवढंच निघालं तर ती तिथे सजावटीला आहे.

मग हात बघा. अमेरिकन जाहिरातींचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की पुरुषाचा हात वस्तू घट्ट धरतो, वापरतो आणि बाईची बोटं तिला नुसती स्पर्श करतात, कुरवाळतात. लोणच्याच्या बरणीच्या जाहिराती आजही तशाच निघतात. बरणीला बोटं टेकवलेला हात आणि झाकण फिरवून उघडणारा हात यांतला फरक डोळ्याला लगेच कळतो. त्यांनीच टिपलेल्या आणखी काही खुणा उपयोगी आहेत: कललेली मान, एक गुडघा वाकवून उभं राहणं, बाई जमिनीवर किंवा पलंगावर आणि पुरुष उभा, बाईची नजर भलतीकडे हरवलेली, आणि दोघं मिळून काम करत असतील तर सांगणारा तो व ऐकणारी ती.

कॅमेरा कुठून लागला आहे? मासळीबाजारात बाई खाली बसलेली असते आणि फोटो काढणारा उभा, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक फोटो वरून खाली पाहणारा येतो. माणूस कुठे कापला आहे? फक्त कंबर, फक्त ओठ, फक्त पैंजण घातलेले पाय एवढंच दिसत असेल तर तो फोटो काढून टाका, त्यावर चर्चा नको. हापूसची फोड ओठांशी धरलेली तरुणी हा कोकणातल्या आंब्याच्या जाहिरातींचा सर्वांत थकलेला नमुना आहे.

शेवटी अदलाबदल करून पाहा. त्याच पोजमध्ये, त्याच वाक्यासकट एखाद्या पन्नाशीच्या बागायतदाराला कल्पनेत उभं करा. चित्र हास्यास्पद झालं तर दोष पोजमध्ये आहे.

एक निकष मात्र आम्ही वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नये: 'आपल्या घरच्या बाईला असं दाखवाल का?' ऐकायला बरा वाटतो, पण त्यात 'घरची' आणि 'बाजारातली' अशी विभागणी आपोआप होते. मासे विकणाऱ्या बाईचा मान कोणाच्या घरची बहीण असण्यावर अवलंबून नाही. तिला स्वतःला ते चित्र पटतं का, हे तिलाच विचारायचं असतं.

एकेक चित्र झालं की सगळ्यांचे दोन रकाने करा. पुरुष काय करताना दिसतात आणि बायका काय करताना दिसतात. झेला (आंबा उतरवायची जाळी लावलेली काठी) धरून आंबा उतरवणारा पुरुष 'बागायतदार' आणि शेजारी टोपली घेऊन हसणारी बाई निनावी, असं हटकून निघतं. प्रत्यक्षात आंब्याची निवड, आकाराप्रमाणे प्रतवारी, आढी लावणं, पेटी भरणं यांतलं बरंच काम बायका करतात. संख्या निम्मी-निम्मी करायची गरज नाही. कामाचं श्रेय कोणाला जातंय ते बघा.

आता तिचं काम लिहून काढा

फोटो काढण्याआधी तुमच्या धंद्यात बायका जे जे करतात त्याची यादी करा आणि ती त्यांच्यासोबत बसूनच करा. मालकाने एकट्याने केलेली यादी नेहमी तोकडी असते. कोकमात रातांबे फोडणं, बिया वेगळ्या करणं, साल मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवणं, आगळ गाळणं. काजूत भाजलेली बी फोडणं, गर सोलणं, आख्खा आणि तुकडा वेगळा करणं. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, म्हणून हाताला तेल, राख किंवा हातमोजे लागतात आणि तुमच्या फोटोत ते दिसायला हवेत. स्वच्छ, मेंदी काढलेल्या हातात काजूची बी म्हणजे ज्यांनी काम केलं त्यांचे हात पुसून टाकणं.

मासळीत साचा सर्वांत पक्का बसला आहे, म्हणून तिथे जास्त वेळ द्या. हर्णैच्या किनाऱ्यावरचा लिलाव पाहिलेल्या माणसाला कळतं की तिथल्या बायका दर पाडतात, चढवतात, उधारी लक्षात ठेवतात, बर्फाचा आणि गाडीभाड्याचा हिशेब तोंडपाठ मांडतात. मुलुखभरच्या कोळी समाजात होडीवर पुरुष आणि विक्रीवर बायका अशी वाटणी जुनी आहे, म्हणजे पैशाची किल्ली बऱ्याच अंशी त्यांच्या हातात. पाट्यांवरची कोळीण मात्र नाचतेच आहे. तुमच्या खानावळीच्या भिंतीवर कोळीण हवीच असेल तर ती लिलावात बोली लावताना, सुरमईचं कल्लं उचलून ताजेपणा तपासताना, तराजूवर नजर ठेवून असलेली रंगवा.

होमस्टेत हात जोडलेल्या फोटोऐवजी बुकिंगची वही भरणारी, पाहुण्याला ओहोटीची वेळ सांगणारी, सकाळी दारात आलेल्या मासळीतून निवड करणारी बाई दाखवा. स्वयंपाक गॅसवर होत असेल तर गॅसच दिसू दे. एका फोटोसाठी चूल पेटवून आजीला धुरात बसवू नका. घरातला पुरुष मासे कापत असेल, पानं वाढत असेल तर त्याचाही फोटो हवा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. वल्हं त्यांच्याच हातात असतं आणि माहितीही त्याच सांगतात. कोकणच्या पर्यटनाचं चित्र म्हणून यापेक्षा चांगलं काय हवं?

पेहराव, दागिने आणि 'कोकणी बाई' नावाचा गोंधळ

एका चित्रात पेशवाई नेसण, कोळीगीताची टोपली, लावणीचा शृंगार आणि मागे केरळची हाऊसबोट असं सगळं एकत्र आलेलं आपण पाहतो. किनाऱ्यावर एक कोकणी बाई नाही. पालघर-रायगडच्या कोळणी, रत्नागिरीकडच्या खारवी, सिंधुदुर्गातल्या गाबीत, वसईच्या ईस्ट इंडियन, बाणकोट-दाभोळ-राजापूर बाजूच्या कोकणी मुस्लिम, डोंगरउतारावरच्या कुणबी, कातकरी बायका यांची नेसण, दागिने, बोली सगळं वेगळं. यांतल्या बऱ्याच जणी 'अस्सल कोकण' म्हणून छापलेल्या चित्रांत कधी दिसतच नाहीत.

नियम साधा ठेवा: ज्या दिवशी, ज्या कामाला ती जे घालते तेच फोटोत. बाजारात बहुतेक जणी पाचवारी खोचून बसतात, काही जणी गाऊनवर टॉवेल घेतात, प्रक्रिया कारखान्यात टोपी, एप्रन, हातमोजे असतात. नथ सणाला, लग्नाला. मासे कापताना नाकात मोत्यांची नथ दाखवली की सगळं चित्र खोटं होतं. उलट कोळणीच्या अंगावर रोजचं सोनं असेल तर ते उतरवायला सांगू नका, 'गरीब दिसायला हवी' हाही साचाच आहे. रंगपट जुळावा म्हणून साडी बदलायला लावू नका. लेबलचा रंग बदलणं सोपं असतं.

नाचाचा, होळीचा, नारळी पौर्णिमेचा फोटो सणाच्या पोस्टला जरूर वापरा. फक्त तो बाराही महिने पाकिटावर नको.

फोटो काढताना

वेळ सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी साडेचारनंतर. भर उन्हात वाळूची तिरीप खालून येते, डोळे बारीक होतात, नाकाखाली काळी सावली पडते. पाठीमागे समुद्र किंवा आकाश ठेवून सावळ्या चेहऱ्याचा फोटो घेतला की फोन आकाशाचा उजेड मोजतो आणि चेहरा काळवंडतो. मग एडिटिंगमध्ये चेहरा ओढूनताणून उजळला जातो, तो राखाडी किंवा पिठासारखा पांढरट होतो आणि हात मात्र मूळ रंगाचे राहतात. कोकणातल्या बचत गटांच्या लेबलांवर दिसणाऱ्या 'गोऱ्या तोंडाच्या, सावळ्या हातांच्या' बायका अशाच तयार होतात.

उपाय महागडा नाही. तिला पडवीच्या किंवा मांडवाच्या कडेला, सावलीत पण उघड्या बाजूकडे तोंड करून बसवा किंवा तिचं काम तिथे हलवता येतं का ते विचारा. मागे चिऱ्याची भिंत किंवा दाट झाड असं गडद काहीतरी ठेवा. दोन बाय तीन फुटांचा पांढरा थर्माकोल तिच्यापासून तीन फुटांवर, उजेडाच्या विरुद्ध बाजूला कोणाला तरी धरायला सांगा. फोनच्या पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही तिथे लॉक होतात. ब्यूटी मोड, स्मूथ स्किन, फिल्टर सगळं बंद. माडाखाली हिरवी झाक येते आणि लाल मातीवर तांबडी. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांचा तोल, हाताने ठरवता येत असेल तर ५५०० केल्विनच्या आसपास ठेवून सुरुवात करा.

अंतर दीड ते दोन मीटर आणि दुप्पट झूम, म्हणजे साधारण ५० मिलिमीटरच्या लेन्ससारखं दिसतं. रुंद लेन्सने जवळून काढलं तर नाक मोठं आणि कान लहान येतात. ती बसली असेल तर तुम्हीही पाटावर बसा, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या रेषेत यायला हवा. 'हसा' म्हणू नका. काम चालू राहू दे, तिला त्या कामाबद्दल खरा प्रश्न विचारा (आज पापलेटला काय भाव निघाला?) आणि उत्तर देताना फोटो घ्या. नजर, हात आणि भाव तिघांनाही त्यामुळे जागा मिळते. ३०-४० फोटोंतून तीन निवडा आणि ते आधी तिलाच दाखवा. तिने नको म्हटलेला फोटो तिच्यासमोरच डिलीट करा.

छापखान्याला फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जातो आणि त्वचा प्लास्टिकसारखी दिसते. छापील आकाराला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) हवं, म्हणजे चार इंच रुंद लेबलला किमान १२०० पिक्सेल. प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. प्रूफ बाहेर उजेडात न्या आणि मूळ फोटोशेजारी धरा. सावळी त्वचा करडी उतरली असेल तर सायन (निळसर शाई) कमी करायला सांगा, लालसर असेल तर मॅजेंटा (गुलाबी शाई). डिझायनर 'जरा गोरं करू का?' असं विचारतोच. उत्तर आधीच ठरवून जा. चेहरा आणि हात यांचा रंग एकच राहिला पाहिजे.

परवानगी आणि मोबदला

बाजारात बसलेली बाई 'सार्वजनिक ठिकाणी' आहे म्हणून तिचं तोंड तुमच्या पाकिटावर येऊ शकत नाही. तोंडी 'काढू का फोटो, मावशी?' याला मिळालेला होकार हा फोटो काढण्याचा असतो, छापण्याचा नाही. 'मावशी, हा फोटो आमच्या मसाल्याच्या पाकिटावर छापायचा आहे, पाकिटं पुण्या-मुंबईलाही जातील, चालेल का?' असं पूर्ण विचारा, विचार करायला एक दिवस द्या आणि मग कागद करा. मजकूर मराठीत आणि एवढाच पुरतो:

'मी ........, राहणार ........, दि. ........ रोजी काढलेला माझा फोटो ........ यांना पुढील ठिकाणी वापरण्यास परवानगी देते: ........ मुदत एक वर्ष. फोटोसोबत माझं नाव छापावं / छापू नये. फोटो इतर कोणाला देता अगर विकता येणार नाही. माझा रंग, बांधा, कपडे यांत बदल करता येणार नाही. मोबदला रु. ........ मिळाला. मी कळवल्यावर ऑनलाइन फोटो सात दिवसांत काढावा व पुढच्या छपाईत वापरू नये.'

कागद तिला वाचून दाखवा, एक प्रत तिच्याकडे ठेवा. मोबदल्याचा हिशेब असा: फोटोच्या वेळेत तिचा जितका धंदा किंवा मजुरी बुडेल ती वेगळी भरून द्या आणि वापराचे पैसे वेगळे. लेबलसाठी एक दर, रस्त्यावरच्या होर्डिंगसाठी त्याहून मोठा. बचत गटात सगळ्यांत जास्त चुकतं ते इथे. 'आपलीच बाई आहे' म्हणून गटातल्या एकीचा चेहरा फुकट वापरला जातो, वर्षभराने ती गट सोडते आणि पाकिटावर तशीच राहते. गटाच्या ठरावाच्या वहीत मुदत लिहून ठेवा. शाळकरी मुलींचे फोटो धंद्याच्या जाहिरातीत नकोतच.

स्पा आणि चायनीज

रिसॉर्टमध्ये मसाज करणारी मंडळी कुठली आहेत? केरळची, ईशान्येची, गावातलीच? मग फलकावर थाई मुलगी का? फलकावर खोली, तेल, वेळ, दर आणि काम करणाऱ्यांचं प्रशिक्षण द्या. डोळे मिटून पडलेली, उघड्या खांद्यांची आशियाई बाई 'आराम' विकत नाही, ती गिऱ्हाइकाच्या मनात भलतीच अपेक्षा तयार करते आणि त्याचा त्रास आत काम करणाऱ्या मुलींना होतो. फोटो-स्टॉकच्या साइटवरून घेतलेल्या चित्रातल्या मॉडेलने कशासाठी परवानगी दिली आहे तेही परवान्यात लिहिलेलं असतं. वाचा.

चायनीजच्या गाडीवर किमोनो, शंकूची टोपी, ड्रॅगन आणि काड्यांचा अंबाडा एकाच बाईवर चढवलेला असतो. किमोनो जपानचा. त्याची डावी बाजू उजवीवर येते, उलटी घडी मृताला घालतात आणि आपल्याकडच्या पाट्यांवर ती उलटीही असते. उंच कॉलरचा चिपाओ हा चिनी पोशाख १९२०च्या दशकात शांघायमध्ये रुळला. शंकूची टोपी शेतात ऊन-पावसाची, जशी आपली इरली. हे सगळं बरोबर रंगवलं तरी प्रश्न उरतो: शेझवान फ्राइड राइस विकायला ही बाई कशाला हवी? कढई, जाळ, भाताची उडवलेली परात रंगवा, पेंटरला तेच जास्त चांगलं जमतं. तिरप्या रेघांचे डोळे पूर्ण बंद करा. रत्नागिरी-देवगडच्या आंबाबागांत राखणीला आणि बंदरांत बोटींवर नेपाळी माणसं मोठ्या संख्येने आहेत, त्यांच्या मुली इथल्याच शाळांत जातात. त्या डोळ्यांवरून त्यांना काय ऐकावं लागतं ते शिक्षकांना विचारा.

मोठ्या कंपन्यांनाही हे महागात पडलं आहे. २०१८ साली डोल्चे अँड गबाना या इटालियन कंपनीने चॉपस्टिकने पिझ्झा खायला धडपडणारी, खुदुखुदू हसणारी चिनी मॉडेल दाखवली. चीनमध्ये संताप उसळला आणि कंपनीला शांघायचा फॅशन शो रद्द करावा लागला.

एआयने काढलेली चित्रं

'सुंदर कोकणी बाई' एवढंच लिहिलं की गोरी, विशीतली, नथ घातलेली, डोक्यावर टोपली घेतलेली मुलगी मिळते, कारण यंत्राने जुनी चित्रंच पाहिलेली आहेत. सुंदर, पारंपरिक, लाजरी, अस्सल ही विशेषणं काढा. वय, काम, हत्यार, कपडे, उजेड, जागा लिहा: 'पंचावन्न वर्षांची सावळी बाई, पाचवारी सुती साडी खोचलेली, प्लास्टिकच्या क्रेटमधले बांगडे बर्फावर लावते आहे, सकाळचा सावलीतला उजेड, डोळ्यांच्या उंचीवरून.' आलेल्या चित्रात बोटं, साडीची घडी, माशाची जात आणि मागची झाडं तपासा. माडाऐवजी ताड आणि बांगड्याऐवजी भलताच मासा नेहमी येतो. पार्श्वभूमीला, नकाशाला, फळांच्या रेखाटनाला असं चित्र चालेल. पण बनवलेला चेहरा छापून 'आमच्या गटाच्या ताई' म्हणणं ही फसवणूक आहे.

शब्द

चित्र सुधारलं आणि खाली 'ठसकेबाज कोळणीचा झणझणीत मसाला' लिहिलं तर मेहनत वाया गेली. नखरेल, ठसकेबाज, रसाळ, कोवळी, गोरीपान हे शब्द मालाला लावा, बाईला नको. 'अन्नपूर्णा' लिहून तिचं नाव गाळण्यापेक्षा नाव, गाव आणि काम लिहा. नावाने ओळखली जायची तिची इच्छा नसेल तर फक्त काम.

'आजीच्या हातचं' याबाबत दुहेरी सावध राहा. मिरच्या-धणे भाजून डंकावर कुटलेला मसाला विकताना पाट्या-वरवंट्यावरची आजी छापणं खोटं आहेच. शिवाय अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबाबतच्या २०१८च्या नियमांनुसार ग्राहकाचा गैरसमज होईल असे 'होममेड', 'घरी शिजवलेलं' यांसारखे शब्द वापरता येत नाहीत. 'डंकावर कुटलेला' लिहा. खरं आहे आणि चवीच्या जाणकाराला त्यातच रस असतो.

कायदा आणि तक्रार

स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा कायदा १९८६चा आहे. त्यातल्या 'जाहिरात' या व्याख्येत लेबल आणि वेष्टनही येतं, म्हणजे मसाल्याचं पाकीटसुद्धा. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे, दुसऱ्यांदा सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दहा हजार ते एक लाख रुपये दंड.

साचेबंद चित्रणाचं बरंचसं या कायद्यात बसत नाही. तिथे १९८५ साली स्थापन झालेली भारतीय जाहिरात मानक परिषद, म्हणजे आस्की, उपयोगी पडते. त्वचा उजळवणाऱ्या उत्पादनांच्या जाहिरातींसाठीच्या तिच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सावळा माणूस दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवू नये आणि त्वचेच्या रंगाचा संबंध विशिष्ट जात, समाज किंवा पेशाशी जोडू नये. सूचना क्रीमच्या जाहिरातींसाठी असल्या तरी तीच कसोटी लावली तर पर्यटक गोरे आणि मासेविक्रेती काळी अशी रंगवलेली भिंत टिकत नाही. जून २०२२च्या सूचना लिंगभावाच्या साच्यांबद्दल आहेत: घरकाम ही फक्त बाईचीच जबाबदारी असल्यासारखं दाखवू नका, साच्यात न बसणाऱ्याची टिंगल नको, बाईला भोगवस्तू करू नका. तक्रार कोणीही ग्राहक विनाशुल्क करू शकतो. जाहिरातीचा फोटो, कुठे आणि कधी पाहिली आणि आक्षेप नेमका कशावर एवढं लागतं. गावातल्याच दुकानाची पाटी असेल तर आधी जाऊन बोला. पेंटरचा अर्ध्या दिवसाचा खर्च वाटून घ्यायची तयारी दाखवली तर काम लवकर होतं.

जुना साठा

छापून ठेवलेली हजारो पाकिटं फेकून देणं छोट्या गटाला परवडत नाही. चित्रावर बसेल एवढं स्टिकर छापून घ्या: साधं, वस्तूचं चित्र आणि गटाचं नाव असलेलं. ते लावताना एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक, घटक, वजन, बॅच, तारखा आणि एमआरपी यांतलं काहीही झाकलं जाता कामा नये. पुढच्या वेळी पाऊच कोरे घ्या आणि लेबल डिजिटल छपाईवर, २००-३००च्या लहान संख्येत करा. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा कोरावा लागतो, मग चित्र चुकलं तरी खर्च वसूल होईपर्यंत तेच वर्षानुवर्षं चालवलं जातं. लहान छपाईत परवानगीची मुदत संपली की फोटोही बदलता येतो आणि पुढच्या हंगामात गटातल्या दुसऱ्या कोणाचं काम पाकिटावर येऊ शकतं.